हायस्कूलचं नियमपत्रक नव्याने लिहायला घेतलंय: ७१ मुलं, एक वहाळ (ओढा), शिपाई नाही. तुमच्याकडे काय चालतं?

प्रभारी_बाई (सिंधुदुर्ग)

नमस्कार मंडळी,

सिंधुदुर्गातल्या एका खेड्यातल्या हायस्कूलमध्ये मी एकवीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवते. मे महिन्यात आमचे सर निवृत्त झाले आणि मुख्याध्यापकपदाचा प्रभार माझ्याकडे आला. आठवी ते दहावी, एकेक तुकडी, पटावर ७१ मुलं. शाळा उभी केली ती गावच्या मुंबईकर मंडळींनी, गिरणीतल्या पगारातून वर्गणी काढून. शिपाई निवृत्त झाले ते पद भरलंच गेलं नाही. २०२० च्या डिसेंबरातल्या शासन निर्णयानंतर शिपायाऐवजी भत्ता मिळतो, पण त्या भत्त्यात दिवसभर थांबणारा माणूस आमच्याकडे मिळत नाही.

कार्यालयाच्या भिंतीवर नियमांचा लाकडी फलक आहे. रंग द्यायला तो उतरवला तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी तो वरपासून खालपर्यंत वाचला. सतरा नियम, आणि बहुतेक सगळे ‘नये’वर नाहीतर ‘जाणार नाही’वर संपणारे. अडचण आली तर मुलाने काय करायचं, कोणाकडे जायचं, हे एकाही ओळीत नाही. तो तसाच पुन्हा रंगवून टांगायला मन धजेना, म्हणून इथे विचारते आहे.

पहिलाच नियम घ्या. ‘उशिरा येणाऱ्यास पहिल्या तासाला वर्गात घेतले जाणार नाही.’ शाळा साडेदहाला भरते. २६ मुलं एसटीने येतात. गाडी वेळेवर असली तर दहा वीसला फाट्यावर सोडते, आणि फाट्यापासून शाळा बारा मिनिटं चालत. म्हणजे गाडी वेळेवर आली तरी दोन मिनिटांचा उशीर ठरलेलाच. या मुलांना मी स्वतः वर्षानुवर्षं व्हरांड्यात उभं केलं आहे. आमचा पहिला तास बहुतेक दिवशी गणिताचा असतो. दहावीत गणितात मागे पडलेल्या मुलांची नावं परवा काढली, तर नऊपैकी सात एसटीची निघाली. रात्री झोप लागली नाही मला.

दुसरा नियम: ‘विनापरवानगी गैरहजर राहिल्यास दिवसास रु. ५ दंड.’ आमची धाकटी वाडी वहाळापलीकडे आहे. साकव (छोटा पूल) आहे, पण जुलैत दोन-चार वेळा तरी पाणी साकवावरून जातं. अतिवृष्टीची सुट्टी कधी आदल्या रात्री जाहीर होते, कधी सकाळी सातला, आणि सातला लांबची मुलं निघालेली असतात. या जुलैत नववीतला एक मुलगा छातीपर्यंत भिजून आला, दप्तर डोक्यावर धरलेलं. मी त्याला म्हटलं, अरे, एवढं पाणी असताना आलास कशाला? तो म्हणाला, “बाई, नाय इलंय तर पाच रुपये दंड पडता.”

आमच्या फलकावरच्या एका ओळीने त्या पोराला पाण्यात उतरवलं. तेव्हापासून तो फलक माझ्या टेबलामागे भिंतीकडे तोंड करून ठेवला आहे.

आता रोजची कामं. शिपाई नाही म्हणून घंटा मुलंच वाजवतात. रुळाचा तुकडा आहे, त्यावर लोखंडी कांब. तासाचं भान राहतं, मुलांना आवडतंही. पण नीट पाहिलं तर घंटा, माईक आणि झेंडा मुलगे करतात, आणि झाडू, पाण्याचं पिंप आणि पाहुणे आले की चहाचे कप मुलींच्या वाट्याला येतात. कुणी ठरवून दिलेलं नाही, होत आलंय. मुलांनी शाळेचं काम करावं या मताची मी आहे, आपली शाळा आहे ती. पण किती, कोणतं आणि कोणी, हे लिहिलेलं हवं. स्वच्छतागृह धुण्याचं काम कुठल्याही मुलाकडे जाता कामा नये, हे मी आताच थांबवलं आहे. ते काम दुपारी एक बाई येऊन करतात, त्यांना भत्त्यातून पैसे देतो.

आणि मधली सुट्टी. आठवीला शालेय पोषण आहार आहे, नववी-दहावीला नाही, कारण योजनाच पहिली ते आठवीची. आठवीत २३ मुलं, बाकी ४८. दर जूनमध्ये नववीत गेलेली पोरं पहिले काही दिवस सवयीने ताट घेऊन रांगेत उभी राहतात आणि त्यांना मागे पाठवावं लागतं. फलकावर नियम आहे, ‘इतर विद्यार्थ्यांनी आहार वाटपाच्या जागी थांबू नये.’ तो लिहिणाऱ्याचा हेतू हिशेबाचा असेल. पण डबा न आणलेली पोरं मग विहिरीमागे जाऊन बसतात, हे मी खिडकीतून बघते.

मोबाईल, केस, बूट, लावणीच्या दिवसांतली गैरहजेरी, जत्रेला रात्रभर दशावतार बघून दुसऱ्या दिवशी पेंगणारी मुलं, हे सगळं आहेच. लहान शाळांत काम केलेल्यांनी, शिकलेल्यांनी, पालकांनी सांगा. तुमच्याकडे कोणता नियम मुलांच्या उपयोगी पडला? शहरातल्या मोठ्या शाळांची छापील पुस्तिका मिळाली आहे मला. तिच्यात पार्किंगचे नियम दोन पानं आहेत, वहाळ कुठेच नाही.

---

दप्तरवाला

बाई, नमस्कार. मी अनुदानित हायस्कुलात चौतीस वर्षं लेखनिक होतो, रायगडात. शिकवण्यातलं तुम्ही जाणता, मी दप्तराचं सांगतो. मुलाचं अर्धं आयुष्य तिथे अडकतं.

दंड आधी बंद करा. पाच रुपये घेतले तर ते रोकडवहीत कुठल्या सदराखाली लिहिणार? पावती कुठल्या पुस्तकातून फाडणार? आमच्याकडे एकदा दंडाचे पैसे वर्गशिक्षकांच्या ड्रॉवरमध्ये साठले आणि तपासणीला आलेल्या साहेबांनी नेमका तो ड्रॉवर उघडला. त्या दिवशी कुणालाच उत्तर देता आलं नाही. शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास याला तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. तो कायदा १४ वर्षांपर्यंतचा, म्हणून ‘नववी-दहावीला लागू नाही’ असा युक्तिवाद मी कर्मचारी खोलीत ऐकलेला आहे. पंधराव्या वाढदिवसाला मुलाची पाठ लोखंडाची होत नाही. नियमपत्रकात तिन्ही वर्गांना एकच वाक्य ठेवा.

हजेरीची भीती पालकांना चुकीची घातली जाते. दहावीच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते, हे खरं. पण वर्षाचे कामाचे दिवस २२० धरले तर २५ टक्के म्हणजे ५५ दिवस झाले. वहाळामुळे बुडणारे दहा-बारा दिवस त्यात कुठल्या कुठे बसतात. हे गणित फळ्यावर मांडून मुलांना आणि पालकांना दाखवा. हजेरीपटावर गैरहजर ते गैरहजरच लिहा, खोटी हजेरी लावू नका. फक्त शेऱ्याच्या रकान्यात ‘पूर’ लिहा. पुढे कुणाची हजेरी खरोखरच कमी भरली तर कारण कागदावर असतं. मागाहून आठवून लिहिलेल्या कारणाला कुणी विचारत नाही.

आता मुख्य मुद्दा: नाव. जनरल रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीत, जे नाव, जी जन्मतारीख, जी जात पडली, तेच दाखल्यावर उतरतं आणि माणसाबरोबर पेन्शनपर्यंत जातं. मूल शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवून दुरुस्ती होते. एकदा दाखला घेऊन मूल बाहेर पडलं की तीच दुरुस्ती डोंगर होते. म्हणून आठवीत जूनमध्ये प्रत्येक मुलाला रजिस्टरमधली त्याची ओळ दाखवायची, असा नियमच करा. रजिस्टर टेबलावर, मूल समोर, शेजारी आई किंवा वडील, आणि आधार कार्ड. एका मुलाला दोन मिनिटं लागतात. तुमच्या २३ मुलांना एक सकाळ पुरेल.

दहावीला तेच पुन्हा. बोर्डाचं आवेदनपत्र भरलं की प्री-लिस्ट, म्हणजे भरलेली माहिती तपासायची यादी येते. ती मुलाच्या सहीसाठी असते, पण मुलं न वाचता सही करतात, कारण आपण ‘सही कर आणि पळ’ म्हणतो. आईचं नाव, आडनावातली वेलांटी, विषयाचा सांकेतांक, सगळं मुलाने मोठ्याने वाचायचं आणि मगच सही. एका मुलीच्या प्रमाणपत्रावर आईच्या नावाच्या जागी आजीचं नाव गेलं होतं. ती नर्सिंगच्या प्रवेशाला उभी राहिली तेव्हा ते कळलं. ती चूक माझी होती. तिच्या वडिलांनी मुंबईला घातलेल्या फेऱ्या मी मोजल्या आहेत, सहा.

एसटीचं: मुलींचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत आहे, मुलग्यांना ६६.६७ टक्के सवलत. २०२४ च्या जूनपासून पास शाळेतच देण्याची सोय एसटीने केली आहे, त्यासाठी यादी आगारात आधी पोचवावी लागते. ती यादी द्यायला जाल तेव्हाच गाडी दहा मिनिटं अलीकडे आणा, असं लेखी पत्र आगार व्यवस्थापकांच्या हातात द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं चालक-वाहकांच्या बदलीबरोबर जातं.

शेवटचं. शाळा १९६७ च्या आधीची असेल तर जुनी रजिस्टरं जिवापाड जपा. जात पडताळणीला इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा विचारतात, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०. आजोबांच्या नावाची एक ओळ नातवाच्या प्रवेशाला तारते. उतारा मागायला येणारा माणूस रजा टाकून, गाडीभाडं खर्चून आलेला असतो. त्याला ‘उद्या या’ म्हणायचं नाही, हाही नियम लिहून ठेवा. हा कार्यालयासाठी.

---

एका_मुलीची_आई

बाई, मी तुमच्या शाळेतली नव्हे, पण जिल्हा आपला एकच. मुलगी नववीत आहे. मी थोडंच लिहिते.

दोन वेण्या आणि लाल रिबन. जून ते सप्टेंबर मुलीचे केस सुकत नाहीत. सकाळी धुतले तर ओल्याच वेण्या घालाव्या लागतात, आणि दिवसभर घट्ट बांधलेल्या राहून त्यांना वास मारतो, कोंडा होतो, उवा होतात. एक वेणी घातली म्हणून तिला परिपाठाला सगळ्यांसमोर बाजूला काढलं. ती घरी येऊन मला म्हणाली, आई, केस कापून टाक. केस बांधलेले असावेत एवढा नियम मला पटतो. किती वेण्या ते आमच्यावर सोडा.

पांढरे बूट आमच्या तांबड्या मातीत कुणाचेच पांढरे राहत नाहीत. पावसाळ्यात पायात प्लास्टिकच्या चपला चालतील, असं स्पष्ट लिहा. नाहीतर मुलं ओले बूट घालून आठ तास बसतात आणि बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात.

निरोपांचं एक सांगायचं आहे. आता सगळे निरोप व्हॉट्सअॅपवर येतात. आमच्या घरी तसला फोन एकच, आणि तो तिच्या बाबांकडे. ते म्हापशाला कामाला आहेत, शनिवारी रात्री येतात. ‘उद्या शाळा सकाळची आहे’ हा निरोप त्यांना गोव्यात मिळतो, ते रात्री शेजारच्यांना फोन करतात, आणि मग मला कळतं. कधी कधी कळतच नाही. कागदावर दोन ओळी मुलीच्या वहीत लिहून द्या. मी सातवी शिकलेली आहे, मला वाचता येतं. वहीवर माझी सही घ्या. शाळेच्या कागदावर आजवर फक्त बाबांचीच सही मागितलेली आहे.

आणि मुलींना पाळी आली तर वर्गात सरांना काय सांगायचं? माझी मुलगी दोन तास तशीच बसून राहिली होती, कारण ‘तासाच्या मध्ये कुणी उठू नये’. एवढं एक बघा.

---

वाडीवरची_माजी_विद्यार्थिनी

मी सध्या रत्नागिरीत एका लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. माझी शाळाही अशीच होती, ऐंशी-नव्वद मुलांची. एक गोष्ट आजवर कुठे लिहिली नाही.

आपल्या कोकण विभागाचा दहावीचा निकाल राज्यात पहिला येतो, दरवर्षी. शाळेच्या कमानीवर ‘शंभर टक्के निकाल’ असा फ्लेक्स लागतो. मी नववीत गणित आणि विज्ञानात नापास झाले. आईला बोलावून सांगितलं की हिचा दाखला घेऊन जा, १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा, तेच हिच्या भल्याचं आहे. आई उन्हातून चालत आली होती. तिला वाटलं हा सरकारचा नियमच आहे. तिने अंगठ्याच्या बाजूला सही केली, दाखला पदराला बांधला आणि आम्ही घरी आलो.

तो नियम नव्हता. हे मला कळायला सात वर्षं लागली. १७ नंबरचा फॉर्म शाळा सुटलेल्यांसाठी आहे आणि अनेकांना त्याने हात दिला आहे, मलाही दिलाच. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला वर्गातून उठवून त्या वाटेने धाडायला तो नाही. मी एक वर्ष काजूच्या कारखान्यात बसून मग परीक्षा दिली. विज्ञानाचे प्रयोग मी कधी हाताने केले नव्हते. आज मी दिवसभर परीक्षानळ्या हाताळते, आणि पहिली नळी हातात धरली ती एकोणिसाव्या वर्षी.

म्हणून बाई, तुमच्या पत्रकात एक ओळ ठळक घाला. निकालासाठी कोणत्याही मुलाला दाखला घ्यायला सांगितलं जाणार नाही. आणि दाखला पालकांनी स्वतःहून मागितला तरी मुलाशी एकट्याने दहा मिनिटं बोला, मगच लिहा.

तक्रारपेटीबद्दलही सांगते. आमच्या शाळेत ती मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी होती. चिठ्ठी टाकायची तर कर्मचारी खोलीच्या खिडकीसमोरून जावं लागे. तीन वर्षांत तिच्यात कुणी काही टाकलेलं मी पाहिलं नाही, कोळ्याने जाळं विणलं होतं. पेटी मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर लावा. किल्ली सखी सावित्री समितीतल्या (मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असते ती) बाहेरच्या बाईंकडे द्या, शाळेत ठेवू नका. पेटीवर चाईल्डलाईनचा १०९८ हा क्रमांक मोठ्या अक्षरात रंगवा.

---

डोंगरपट्टा_बीड

आमच्याकडे पुराची अडचण नाही, कोयत्याची आहे. दिवाळीला ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यावर जातात त्या मार्च-एप्रिलला परततात. आठवीतल्या चाळीसपैकी पंधरा-सोळा पोरं जायची. आता मागे राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते, पण नववी-दहावीची पोरं बहुतेक आजीजवळच राहतात आणि स्वयंपाक स्वतः करतात. चूल पेटवून, भाकरी थापून येणारी मुलगी पहिल्या तासाला उशिरा येणारच. आम्ही केलेला एकच बदल सांगतो: उशिरा आलेल्याला दारात काहीही विचारायचं नाही. आत यायचं, बसायचं, वही काढायची. कारण वर्गशिक्षक मधल्या सुट्टीत विचारतात, एकट्याला. आधी पोरं उशीर झाला की दिवसच बुडवायची, रानात बसून राहायची. आता अर्ध्या तासाला तरी येतात.

डब्याचं म्हणाल तर तिथिभोजनाची सोय पोषण आहार योजनेतच आहे. गावात कुणाच्या घरी काही कार्य असलं की ते शाळेला जेवण देतात. आम्ही आवर्जून सांगतो, द्यायचं तर दहावीपर्यंत सगळ्यांना द्या.

---

प्रभारी_बाई (सिंधुदुर्ग)

गणपतीच्या सुट्टीनंतर लिहिते आहे. तुमची सगळ्यांची उत्तरं कागदावर उतरवून घेतली आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत वाचून दाखवली. डोंगरपट्ट्याच्या सरांचं ‘दारात विचारायचं नाही’ हे आम्ही दुसऱ्याच दिवसापासून सुरू केलं, त्याला कुणाची मंजुरी लागत नव्हती.

उशिराचा प्रश्न जवळजवळ सुटला. आम्ही हजेरी परिपाठाच्या आधी घेत होतो, आता परिपाठानंतर, पावणेअकराला घेतो. एवढंच. फाट्यावरून चालत येणारं मूल प्रार्थनेच्या मध्ये पोचतं, मागे उभं राहतं, आणि गणिताच्या तासाला सगळ्यांबरोबर वर्गात असतं. इतकी वर्षं हे का सुचलं नाही याचं वाईट वाटतं. आगाराला पत्र दिलं, पोच घेतली, उत्तराची वाट बघते आहे.

दंड रद्द केला. ते शाळा व्यवस्थापन समितीतल्या एका काकांना रुचलं नाही, ‘मग धाक कसला?’ म्हणाले. मी त्यांना छातीभर पाण्यातून आलेल्या मुलाची गोष्ट सांगितली. काका त्याच वाडीचे. पुढे काही बोलले नाहीत.

फलकाचा मसुदा मुलांकडून लिहून घेतला. दहावीच्या मुलांनी भाषा सुधारली, नववीच्या मुलींनी दोन नियम स्वतःहून घातले. काही ओळी इथे देते, कमी-जास्त असेल तर सांगा.

‘वहाळाला साकवाच्या पाटापर्यंत पाणी दिसलं तर घरीच थांब. दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षकांना सांग. बुडालेला अभ्यास शनिवारी शाळा सुटल्यावर करून घेतला जाईल.’

‘लावणीसाठी घरी थांबायचं असेल तर आईची किंवा वडिलांची चिठ्ठी आण. दोन दिवस मिळतील.’ यावर आमच्यात वाद झाला. एक शिक्षक म्हणाले, हे म्हणजे मुलांना शेतावर धाडायला परवानगी. माझं मत वेगळं आहे. मुलं लावणीला जातातच, आजवर ती ताप आला म्हणून सांगत होती. दोन दिवस खरं सांगून गेली तर तिसऱ्या दिवशी मी त्यांना बोलवू शकते.

‘घंटा, झेंडा, झाडू, पाणी: पाळी आठवड्याची, हजेरीच्या क्रमाने. मुलगा-मुलगी भेद नाही. पाहुण्यांचा चहा शिक्षक करतील.’ पहिल्या आठवड्यात झाडू दहावीतल्या सर्वांत उंच मुलाकडे आला आणि घंटा आठवीतल्या एका लहानखुऱ्या मुलीकडे. ती इतक्या जोरात घंटा मारते की बाजारातले लोक घड्याळ लावतात.

‘पोटात दुखत असेल, पाळी आली असेल, उलटी होत असेल तर तासातून उठ. विचारायची गरज नाही. उजवा हात छातीवर ठेवला की शिक्षक समजतील.’ हात छातीवर ठेवायची खूण नववीच्या मुलींची. सॅनिटरी पॅडच्या कपाटाची किल्ली त्यांच्यातल्याच दोघींकडे आहे. सरांनाही सांगितलं, ते लगेच हो म्हणाले. एका सरांनी तर विचारलं, आधी का नाही सांगितलं?

केस बांधलेले, पावसाळ्यात चपला चालतील, निरोप वहीत आणि सही आईची किंवा वडिलांची, हे तिन्ही नियम वर लिहिणाऱ्या आईच्याच शब्दांत घेतलेत. मोबाईल आणला तर सकाळी कार्यालयातल्या पेटीत, नोंद करून, पाच वाजता परत. वस्तू जप्त करून महिनाभर ठेवणं बंद, कारण गाडी चुकली तर घरी कळवायला तोच लागतो.

दाखल्याची ओळ वाडीवरच्या ताईने सांगितली तशीच्या तशी घातली. ती वाचताना कर्मचारी खोलीत शांतता झाली. आमच्याही शाळेतून अशी मुलं गेलेली आहेत. किती, ते मी जनरल रजिस्टरमधून काढते आहे. नावं मिळाली की त्यांच्या घरी जाणार आहे.

जेवणाचं अजून अर्धवट आहे. आता आठवी, नववी, दहावी एकाच व्हरांड्यात, एकाच रांगेत बसतात, ताट असो वा डबा. विहिरीमागे कुणी जात नाही. गणपतीत मुंबईकर आले होते, त्यांच्याकडे विषय काढला. त्यांनी हिशेब मागितला. आठवीला दिवसाला माणशी १५० ग्रॅम तांदूळ मिळतो, त्याच मापाने ४८ मुलांचे दिवसाला ७ किलो २०० ग्रॅम, आणि २२० दिवसांचे १,५८४ किलो. गावात भात पिकतो. घरटी एक पायली काढायची, असा विचार आहे. कापणी झाल्यावर बघू.

दप्तरवाले, तुम्हाला एक विचारायचं आहे. १९६१ चं रजिस्टर काढलं. ओलीने चार पानं एकमेकांना चिकटली आहेत आणि एका कुटुंबाला नेमकी त्यातलीच नोंद हवी आहे. कशी सोडवू?

---

दप्तरवाला

ओढू नका. उन्हातही ठेवू नका, शाई उडेल. रजिस्टर उभं करून, पानं पंख्यासारखी मोकळी ठेवून, सावलीत मंद पंख्याखाली दोन दिवस ठेवा. मोकळ्या पानांमध्ये टिपकागद घाला, संध्याकाळी बदला. आपोआप सुटतील ती सुटू द्या, सुटलेल्या पानाचा लगेच फोटो घ्या. तरीही चिकटून राहिली तर हात लावू नका, अभिलेखागारातल्या जाणकाराला दाखवा. त्या कुटुंबाला आजच कळवा की रजिस्टर आहे, हरवलेलं नाही. पुढचं पान सुटलं की मला सांगा.